एनोसने दिलेलं मत

आज सगळी काउंटी त्याला कर्नलसाहेब म्हणते. म्हणू दे. मी त्याचं नाक पुसलंय, माझ्यासाठी तो एन्याच. एनोस गुडपास्टर, माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मीच, या केतुराने, वाढवला त्याला.

वकिली शिकला, ती बरी चालली. म्हणजे कज्जे भरपूर, फी मात्र धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांड्या नाहीतर मक्याची पोती. मेक्सिकोच्या लढाईत लेफ्टनंट झाला आणि येताना मोडका गुडघा घेऊन आला. मग लागलं निवडणुकीचं खूळ! दोनदा राज्याच्या असेंब्लीला उभा राहिला, दोनदा आपटला. तिसऱ्यांदा मी त्याला आईच्या बायबलवर हात ठेवायला लावला.

"या वेळी पडलास तर पुन्हा कुठल्याही निवडणुकीच्या वाटेला जायचं नाही."

"नाही जाणार, ताई," म्हणाला, आणि तोंड एवढंसं झालं. जीव होता हो त्याचा त्या जागेत.

आमच्या केंटकीत मत चिठ्ठीवर नसे. कोर्टात शेरीफसमोर उभं राहून खणखणीत नाव घ्यायचं. उमेदवार शेजारीच बाकावर बसलेले. आपलं नाव आलं की उठायचं, टोपी काढायची, वाकून आभार मानायचे. एनोस त्या गुडघ्याने दिवसभर उठाबशा काढत होता. आणि उमेदवाराने आपलं मत समोरच्याला द्यायचं, ही आमच्याकडची रीत. फिटंफाट होते, अब्रूही राहते.

समोर होता रॉली टिपटन, गिरणीवाला. सकाळीच पुढे आला आणि ओरडला, "रॉली टिपटन!" स्वतःचंच नाव! अरे, जनाची नाही तर मनाची तरी! वर स्वतःलाच टोपी काढून बाकावर बसला.

दिवस मावळायला आला तेव्हा दोघांची मतं अगदी बरोबरीत. मत द्यायचा उरला फक्त एनोस. आम्हा बायकांना आत कोण विचारतो! मी खिडकीतूनच ओरडले, "एन्या, शहाणा हो! त्याने रीत मोडली, तूही मोड!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "रॉली टिपटन."

टिपटनला उठणं भाग होतं. टोपी काढली त्याने, पण मान काही वर होईना.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हात दाखवून अवलक्षण! मिरव आता गावभर!"

"अगं ताई, त्याने मोडली म्हणून मीही मोडली, तर रीत उरली कुठे?"

कपाळ माझं! शपथ मात्र पाळली पठ्ठ्याने. चौकात भाषणं असली की लांब उभा राहून ऐकायचा आणि मुकाट्याने घरी यायचा. मला बघवायचं नाही.

मग उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं. आमच्या पोरांनी उत्तरेकडून लढायला घोडदळाची तुकडी उभी केली. कॅप्टन शिपायांनीच निवडायचा, तोही नाव पुकारून. चर्चमागच्या मैदानात सगळा गाव लोटला. टिपटन तेव्हा असेंब्लीतला मोठा माणूस, निम्मे घोडे त्यानेच दिलेले, आणि तुकडीत स्वतःचं नावही घातलेलं. कॅप्टन तोच होणार हे ठरल्यासारखं होतं. एनोस साधा शिपाई म्हणून आला होता. "घोड्यावर बसायला गुडघा कशाला लागतो?" म्हणे! मागे एका पिंपावर बसला होता.

पहिली पाळी टिपटनचीच. पोरं खुसखुसली, "घेतोय बघ आता स्वतःचं नाव!"

टिपटनने घसा खाकरला. "एनोस गुडपास्टर!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग दुसरा ओरडला, "एनोस गुडपास्टर!" तिसराही तेच. चौथाही तेच.

एनोस जागचा हलेना. गर्दीत मला शोधत होता, चेहरा पांढराफटक.

"ताई," त्याने तिथूनच हाक मारली, "आईचं बायबल?"

मला हुंदका आवरेना, आणि सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

"बायबलचं मी देवाशी बघून घेईन!" मी ओरडले. "ऊठ मेल्या, टोपी काढ आधी!"