तुमच्यासाठी बांधलेलं न्हाणीघर

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण शाळेपासूनची सवय अशी, की इंग्रजी लिहायला घेतलं की मी फार सभ्य होते, आणि हे सभ्यपणे सांगण्यासारखं नाही. तुमच्या बाबांकडून वाचून घ्या. म्हणजे त्यांनाही ते एकदा मोठ्याने वाचावं लागेल.

किहीमच्या आपल्या घरात खाली मोरी आहे. कडप्प्याची, कोपऱ्यात बादली, बसायला पाट. तुम्ही यायचं ठरलं तेव्हा तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, मुलं बादलीने आंघोळ करत नाहीत. त्यांना शॉवर लागतो." म्हणून वरच्या खोलीला लागून नवं न्हाणीघर काढलं. त्याच्या बरोबर खाली आजोबांची खोली. त्यांना दुसरीकडे हलवता येण्यासारखं नव्हतं. गुडघ्यांमुळे संडास लागूनच हवा, आणि तशी खोली ती एकच. त्यांची छाती तेव्हाही नाजूक होती. दमट हवेत कित्येक रात्री ते उशांना टेकून बसून काढायचे.

ठेकेदार अलिबागचा, बाबांनीच तिकडून फोनवर ठरवलेला. लाद्या बसवण्याआधी जमिनीला पाणी अडवणारा थर द्यायचा, मग पाणी जायच्या जाळीचं तोंड बोळ्याने बंद करून, दाराशी बांध घालून पाणी भरून ठेवायचं आणि ते उतरतं का बघायचं, एवढं मी वाचून ठेवलं होतं. त्याने पाणी भरलं. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली.

"काकू, नवं सिमेंट पाणी पितं," तो म्हणाला.

"दोन बोटं?"

"तहानलेलं असतं हो."

"मग त्याचं पोट भरेपर्यंत थांबू."

"थांबा की. पण लादीवाला उद्या येतोय. तो एकदा गेला की महिनाभर हाताला लागायचा नाही."

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, तिकिटं काढलीत. तू प्रत्येक गोष्टीची परीक्षा घेत बसतेस." मी आयुष्यभर शाळेत परीक्षाच घेतल्या. नापास झालेलं वरच्या वर्गात ढकललं, असं हे एकच.

तुम्ही नाताळच्या सुट्टीत आलात. रेवसला लाँचमधून उतरलात तेव्हापासून तुमचा दंगा सुरू. समुद्रावरून आलं की शॉवर, जेवणाआधी शॉवर, नुसता कंटाळा आला तरी शॉवर. त्याचा मला राग नाही. तुम्ही होतात तेव्हाच आजोबांच्या पलंगावरच्या छताला ओल धरली. मी वर येऊन सांगणार होते, तर त्यांनी हात धरला. "पोरं आंघोळ करतात ते मला इथे पडल्यापडल्या कळतं," म्हणाले. खूश होते. पलंग समोरच्या भिंतीला सरकवून घेतला आणि तुम्हाला काही कळू दिलं नाही.

तुम्ही गेल्यावर ओल थांबेल असं मला वाटलं होतं. पण न वापरलेलं न्हाणीघर सुकं सोडता येत नाही. जाळीच्या खाली नळाला वाक असतो, त्यात पाणी साचलेलं लागतं. ते आटलं की मैल्याच्या टाकीचा वास घरभर आणि झुरळं वर. त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी मी जिना चढून जाळीत तांब्याभर पाणी ओतायचे, खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेले नळ पुसायचे आणि खाली यायचे. संध्याकाळी आजोबांच्या छताला नवा डाग. ओतलं तर ओल, नाही ओतलं तर वास. पोपडे त्यांच्या अंथरुणात पडू लागले, कोपऱ्यात काळी बुरशी आली. डॉक्टरांनी छातीला तपासायची नळी लावायच्या आधीच विचारलं, "घरात ओल आहे का?"

लाद्या फोडून सगळं मुळापासून करायला हवं होतं. बाबा म्हणाले, "आत्ता फोडू नकोस, मे महिन्यात येतोय आम्ही. वरून सांध्यांत केमिकल भरून घे." भरून घेतलं. थोडे दिवस टिकलं. मे आला, तुमचं शिबिर निघालं. डिसेंबर आला, तुम्ही बर्फात खेळायला गेलात. फोटो पाहिले. टोप्या छान होत्या.

मी आजोबांना सांगितलं, मी आता ते फोडणार.

"फोडायचं नाही."

"अहो, तुम्हाला श्वास घेता येत नाही."

"माझं मी बघीन. पोरं आली आणि न्हाणीघर नसलं तर? तोंड दाखवतील नि हॉटेलात जातील. तुला काय, तुला ती फोनवर दिसली की पुरतं."

हे त्यांनी मला म्हणावं!

पुढच्या पावसाळ्यात त्यांना अलिबागच्या इस्पितळात ठेवावं लागलं. मी तिथूनच गावातल्या गवंड्याला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहिले. लाद्या निघाल्या, शॉवरभोवतीची काच निघाली, पाण्याचा नळ तोडून तोंड बंद केलं.

"आता नवीन कवा बांधायचं, बाई?"

"बांधायचं नाही. जाळीचं भोक बुजवा."

"येवढं झ्याक हाय. पोरं आली तं?"

"येत नाहीत."

"आसं बोलू न्हाय, बाई," तो म्हणाला आणि घमेलं उचलून खाली गेला.

आजोबा घरी आले तेव्हा छत कोरडं होतं, वरून चुन्याचा हात दिलेला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "केलंस तू," एवढंच म्हणाले. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. खोकला मात्र हळूहळू उतरला, आणि ते उशांशिवाय आडवे होऊन झोपू लागले.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला, तिकिटं बघतोय म्हणून. मी काही बोलायच्या आत आजोबांनी सांगून टाकलं, "वर न्हाणीघर नाही आता. मोरी आहे." मग बाबा म्हणाले, "मग आम्ही जवळपास एखादं रिसॉर्ट बघतो. तुम्हालाही त्रास नको."

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, अगदी मोकळा. मी तुमच्या बाबांना म्हटलं, बघ, किहीमला आता बरीच निघालीत.