बाटलीतला कापूस

पोरांशी इतकी वर्षं खोटं बोलायला तुम्हाला जमतं तरी कसं?

हा प्रश्न नेमका कुणाला विचारतेय, ते मलाही ठाऊक नाही. नगरच्या एका एचआयव्ही केंद्रात समुपदेशक म्हणून लागले, तेव्हापासून तो ओठांवर आहे. जन्मापासून हा आजार असलेली मुलं आमच्याकडे येतात. रोज गोळी घेतात, पण कशाची ते त्यांना कुणी सांगत नाही. घरच्यांना ते सांगायला तयार करणं हे माझं काम. कॉलेजात वाटायचं, त्यात काय, खरं सांगून टाकायचं! इथे आल्यावर खरं राहिलं बाजूला, किस्सेच साठत गेले. नावं अर्थातच बदललीत.

*

प्रत्येक घरात गोळीचं बारसं वेगळं. कुणाकडे ती रक्तवाढीची, कुणाकडे दम्याची. पारनेरकडच्या एका मामाने आईबाप नसलेल्या भाचीला सांगून टाकलं होतं, ही हुशारीची गोळी.

भाची वर्गात पहिली यायला लागली. मग मामाच्या स्वतःच्या लेकीने घर डोक्यावर घेतलं, मलाही पाहिजे! मामा तिलाही रोज एक साखरेची बारीक गोळी द्यायला लागला.

भाचीला आम्ही खरं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि बाहेर जाऊन बसली. मामा मात्र दारातच घुटमळत राहिला.

"मॅडम, हिचं झालं. आता घरी त्या दुसरीला काय सांगू? ती नापास झालीय."

*

गोळ्यांची बाटली प्लॅस्टिकची. एसटी खड्ड्यात गेली की पिशवीत खुळखुळ वाजते, आणि शेजारचा विचारतो, काय वाजतंय? म्हणून आमच्याकडच्या बायका निघण्याआधी बाटलीत कापूस कोंबतात. लेबल तर टेबलावरच नखाने खरवडून काढतात.

आमच्या सिस्टर वीस वर्षं नोकरी केलेल्या. स्टोअरमधून कापूस मागवला की तिकडून विचारणा येते, तुमच्याकडे एवढ्या जखमा कुणाला होतात? सिस्टरांचं उत्तर ठरलेलं.

"सगळ्यांना."

*

आमचा एक नियम आहे. केंद्राच्या बाहेर पेशंट दिसला, तर त्याने ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही.

मैत्रिणीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेले होते. पंगतीत जिलबी वाढायला आले ते आमच्याकडचे जुने पेशंट. दर महिन्याला माझ्यासमोर बसून मन मोकळं करणारा माणूस. मी मान खाली घातली. त्यांनी मात्र शेजारच्याला मोठ्याने विचारलं, "ह्या पाहुण्या कुठल्या? नवरीकडच्या का?"

आणि माझ्या पानात गुपचूप चार जिलब्या जास्त टाकल्या.

*

आता कार्तिक. जामखेडकडचा, चौदा वर्षांचा. त्याच्या आईने गोळीचं नाव ठेवलं होतं ताकदीची गोळी. कार्तिकचा शाळेच्या कबड्डी संघात नंबर लागला आणि त्याने गोळी बंद केली. तपासणीत ते लगेच दिसलं. मी विचारलं, का रे?

"आली की आता ताकद."

त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं!

दिवाळी झाली की आई ऊसतोडीला जाणार, सहा महिने. कार्तिक शाळेसाठी वस्तीवर चुलतीकडे राहणार, आणि चुलतीला काहीच माहीत नाही. म्हणजे गोळी घेतली की नाही, बघणारं कुणीच नाही. आणि बंद राहिली तर पोरगं आजारी पडणार, हे नक्की. मी आईच्या मागेच लागले, आजच सांगू. ती म्हणायची, पुढल्या खेपेला. गावात कळलं तर पोराला खेळात कोण घेईल, ही तिची भीती. शेवटी मी सिस्टरांना म्हटलं, मीच सांगते. त्या म्हणाल्या, "तू सांगशील छान. पण त्याला ते आईकडनं ऐकायचंय."

ऊसतोडीआधीच्या शेवटच्या खेपेला आई आपण होऊन बोलली. त्याला समजावायला मी रक्तातल्या सैनिकांची वगैरे चित्रं काढून ठेवली होती, ती तशीच राहिली.

"ताकदीच्या न्हाईत त्या," ती म्हणाली. "एचआयव्ही हाय तुला. माझ्याकडनं आला."

कार्तिकने आईला विचारलं, "तू घेतीस त्या बी ह्याच का?"

"व्हय."

"मग चुलीमागं जाऊन का घेतीस?"

उत्तराची वाट न बघता त्याने माझ्याकडे वळून विचारलं, कबड्डी खेळू ना? मी म्हटलं, खेळ, पण गोळी चुकवायची नाही. निघताना आईने सवयीने कापसाकडे हात नेला. कार्तिकने बाटली तशीच पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

त्या दिवशी मलाही जामखेडला जायचं होतं. एसटीत ते दोघं पुढच्या सीटवर, मी मागे, ओळख न देता. पिशवी कार्तिकच्या मांडीवर. नगर सुटलं आणि खड्डे लागले.

पलीकडच्या सीटवर त्यांच्याच वस्तीवरचे तात्या होते, शेजारच्याच घरातले. त्यांनी कान टवकारले. "काय वाजतंय रं?"

आईचा हात पिशवीवर गेला.

"माझ्या गोळ्या हायेत," कार्तिक म्हणाला.

"कशाच्या?"

"रोजच्या."

तात्यांनी बंडीच्या खिशातून चुरगळलेलं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं.

"माझ्या बी रोजच्याच हायेत, शुगरच्या. लई कटाळा येतो बघ. तू घेतलीस की मला बी हाक मारत जा."