अण्णा पट्टी मागतात

दुपारी जेवण झालं की मी नुसती पाठ टेकते, झोपत नाही. आजही डोळे मिटून मी चोर शोधत पडले आहे. डोक्यावर पंखा फिरतोय, शेजारी कुणीतरी अवेळी कुकर लावलाय, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे पाळण्याच्या तळाच्या फळ्या एकेक करून निसटून खाली पडतायत.

पाळणा माझ्या नातीसाठी आहे. माझ्या लेकीला, तेजूला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. पोर अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, आणि ती घरी आली की मी केलेल्या पाळण्यातच बारसं करायचं, असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. नोकरीतून सुटल्यावर घरामागच्या स्कूटरच्या शेडमध्ये मी सुतारकाम थाटलं. हत्यारं पारखून जमवली, म्हणजे दुकानदाराला नको जीव करून जमवली. तरीही पाळण्याची चौकट एक सांगते आणि फळ्या दुसरंच. दोन्ही मी मोजूनच कापल्या. पण फळी खोबणीत जेमतेम टेकते आणि जरा हात लागला की सुटते. तिच्यावर पोर झोपणार आहे.

तेव्हा कुणीतरी मला फसवतंय. आधी मी गुण्यावर संशय घेतला, त्याचा काटकोनच खोटा असेल म्हणून. बदलून आणला, मग तो बदललेलाही बदलून आणला. त्यानंतर करवतीवर. मग वखारवाल्यावर, त्यानं ओलं लाकूड गळ्यात मारलं असणार. आता सगळ्यांवरचाच विश्वास उडालाय, म्हणून कापणं आणि रंधणं एकातच करणारं मोठं यंत्र मागवलंय. उद्या टेम्पोनं येईल. दुकानदार फोनवर जरा जास्तच गोड बोलला, तेही मला खटकलंय.

कुकरची शिट्टी होते, आणि संपत नाही.

मी लक्ष्मीपुरीत हत्यारांच्या दुकानात उभी आहे. पायात चप्पल नाही. काउंटरवर माझी उशी ठेवलीय, आणि काउंटरमागे दुकानदाराच्या जागी अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात करायचा. वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्या ठशात लोखंड ओतायचं. त्यातलं लाकडाचं काम अण्णांचं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर काय करायचं, हे आईनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय. ते देईल ते घ्यावं. मागेल ते देऊ नये. आणि 'चल' म्हणालं, तर जागचं हलू नये. म्हणून मी पायाच्या बोटांनी फरशी घट्ट धरते.

"कशाला आलाय?" मी विचारते. जिवंतपणी त्यांना असं विचारायची माझी छाती नव्हती.

"हत्यारं बघायला. शेड थाटलीस म्हणं, शाले."

"कुणी सांगितलं?"

अण्णा नुसती माझी उशी चाचपतात, हे एक खटकतं. दुसरं म्हणजे त्यांचं डोकं माझ्या कानाशी येतंय. अण्णा दारातून वाकून आत यायचे. सदरा त्यांचाच, कानावर खोचलेला पेन्सिलीचा तुकडाही त्यांचाच, पण आतला माणूस आखूड आहे.

"तुम्ही एवढेसे का झालाय?"

"थंड झालो की गं. आक्रसणारच."

काउंटरवर माझीच हत्यारं मांडलेली आहेत. अण्णा गुण्या उचलतात, फळीला लावून एक रेघ मारतात, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारतात. दोन्ही रेघा एकावर एक बसतात.

"गुण्या बरोबर हाय. आदला पण बरोबरच होता."

पटाशीची धार ते अंगठ्याच्या नखावर टेकवतात. ती घसरत नाही, म्हणजे धार चांगली आहे. करवत डोळ्यासमोर धरून तिच्या पात्यावरून लांब बघतात, रंध्याचा तळ तळहातानं चाचपतात. फळीचा तुकडा कानाशी नेऊन टकटक करतात.

"लाकूड वाळलंय चांगलं. त्या वखारवाल्याला काय काय बोललीस?"

"बोलले थोडं."

"मग जा आणि च्या पिऊन ये त्याच्याकडं."

"आणि यंत्राचं काय? घेऊ का नको?"

"यंत्र तू सांगशील तिथं कापंल. चुकीचं सांगितलंस तर चुकीचं, पण झटक्यात."

सगळे सुटले. गुण्या सुटला, करवत सुटली, वखारवालाही सुटला. माझा संशय मात्र होता तेवढाच आहे, आणि आता तो ठेवायला जागा उरलेली नाही. जो एकेकाला असा निर्दोष सोडत सुटतो, त्याच्यावर आधी नजर ठेवावी, असं माझं मत आहे.

"आता ती पट्टी दे," अण्णा म्हणतात.

मला कळतं, की माझे हात पाठीमागे आहेत आणि हातांत अण्णांची स्टीलची फूटपट्टी आहे. शेडमधल्या या एकाच वस्तूवर मी कधी संशय घेतला नाही. शाळेत असताना मी तिच्यासाठी रडले होते. मैत्रिणींच्या दप्तरात चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, आणि माझ्याकडे प्लास्टिकची. अण्णांनी आपली पट्टी मला एकदाही शाळेत नेऊ दिली नाही. ते गेल्यावर त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून निघाली ती माझ्याकडे आली. पाळण्याची चौकट मी मुद्दाम तिनंच मोजली, पोरीला पणजोबांचा हात लागावा म्हणून. फळ्या नव्या टेपनं मोजल्या, कारण तो खिशात असतो.

"नाही द्यायची," मी म्हणते.

"दे की. कामाची हाय."

"तुम्हाला आता कसलं काम?"

अण्णा काउंटरच्या काचेकडे बघतात. मीही बघते. काचेखाली ड्रिलची बिटं असायची, तिथं माझी नात झोपलीय. मुठी मिटलेल्या, नाकात बारीक नळी. तिच्या उशाशी स्क्रूचा डबा आहे.

अण्णा काचेवर वाकतात.

"केवढी हाय?"

गेलेलं माणूस पोरीचं माप विचारतंय, आणि मोजायची पट्टी मागतंय. मी काचेवर आडवी पडते.

"बघू नका तिच्याकडं."

"नुसतं विचारलं गं."

"काय न्यायचं ते माझं न्या, अण्णा. हिला हात लावायचा नाही."

अण्णा मागे सरतात. त्यांना लागलंय ते. जिवंतपणी लागायचं तेव्हा करायचे, तसं आताही करतात. खाली बसतात आणि कामाला लागतात. दुकानाची फरशी वाळूची झाली आहे. काळी, कोमट वाळू, आणि फौंड्रीचा तो जळका वास. काच आता कुठेच नाही, तरी माझे हात तिच्यावर पसरावेत तसेच पसरलेले आहेत.

अण्णा वाळू उकरून लोखंडाची एक पुली बाहेर काढतात. तिच्याशेजारी ती ज्या लाकडी पुलीवरून ओतली, ती ठेवतात.

"बघ."

लोखंडाची लहान आहे. फार नाही, पण आहे.

"तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. म्हणून लाकूड आधीच वाढवून करायचं. आता दर मापाला किती वाढवायचं, ह्याचा हिशेब कोण करत बसंल? म्हणून मग पट्टीच वाढवलेली. आमच्या पट्टीचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा असतोय."

"केवढा?"

"मुगाच्या दाण्याएवढा."

मी पाठीमागची पट्टी पुढे घेऊन बघते. चारचौघींसारखीच दिसते. मला तिचा राग येतो, आणि मग एकदम दुसराच राग येतो, फार जुना.

"म्हणून शाळेत नेऊ देत नव्हता?"

"वर्गात तुझ्या एकटीच्या रेघा चुकल्या असत्या. आणि तू बाईंवर संशय घेतला असतास."

"मग तेव्हा सांगायचं ना. मला वाटलं, हरवीन म्हणून देत नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

अण्णा वाळूत बोटानं रेघ ओढतात आणि पुसतात. "सांगायचं राहिलं," ते म्हणतात. "तुला कळत हुतं असं मी धरून चाललो."

मला रडू येतंय. एवढं साधं होतं, आणि मी ते सारा जन्म उराशी धरून बसले होते. त्यांना पट्टी देऊन टाकावी, असं फार वाटतं. हात पुढेही होतो. पण पोर पेटीत आहे आणि आईनं पाठ करून घेतलेलं मी विसरत नाही, म्हणून हात तिथेच थांबतो.

"नाही देता येत, अण्णा. तुम्ही खरे असलात तरी नाही."

अण्णा हसतात. त्यांच्या हसण्यात पहिल्यांदाच काही खटकत नाही.

"नको देऊस. नुसता हात पुढं कर."

आईनं सांगितलेल्यात हाताबद्दल काही नव्हतं. मी उजवा हात पुढे करते. अण्णा माझ्याच मुठीतली पट्टी सोडवून माझ्याच हातावर आडवी ठेवतात, कोपरापासून बोटांकडे. गार आहे. खूण करण्याआधी पट्टी हलू नये म्हणून ते लाकडावर दोन्ही अंगठे रोवायचे, तसे रोवतात.

"ही तुझीच. पण पाळण्याला लावू नको."

"दुखतंय."

"हलू नको. जरा दम धर."

कुकरची शिट्टी थांबते.

पंखा फिरतोय. उशी डोक्याखाली आहे. खिडकीतलं ऊन मघाशी होतं त्याच फरशीवर आहे. शेडची किल्ली माझ्या कमरेला आहे, शेडला कुलूप आहे, आणि पट्टी आत खिळ्याला टांगलेली आहे. हे मी पडल्या पडल्या किल्ली चाचपून खात्री करून घेते.

मग हात बघते. उजव्या हातावर, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत, बारीक लाल रेघा उठल्यात. लहान, लहान, लहान, मग एक मोठी. मोठ्या रेघेशी आकडा आहे, आरशात दिसावा तसा उलटा.

मी अजूनही विश्वास ठेवत नाही. गाऊनच्या खिशातून टेप काढते, त्याची आकडी कोपराजवळच्या पहिल्या रेघेला लावते आणि पट्टा हातावरून बोटांकडे सोडते. टेपचा फूट संपतो. हातावरचा संपत नाही. तो थोडा पुढे, मधल्या पेरावर जाऊन थांबलाय, आणि मधे मुगाचा एक दाणा बसेल एवढी जागा आहे.

दुकानदाराला फोन करून यंत्र नको म्हणून सांगायचंय. वखारीत चहाला जायचंय. चौकट पट्टीच्या मोठ्या फुटानं झालीय, म्हणून फळ्या नव्यानं कापायच्यात, चौकटीशी जुळवून, आणि तेही पोर घरी यायच्या आत. पण मी उठत नाही. हात मांडीवर तसाच धरून बसते, काही घासू नये म्हणून गाऊनची बाहीसुद्धा लागू देत नाही. रेघा कडेनं पुसट व्हायला लागल्यात, आणि अण्णांना इतक्यात आणखी लहान होऊ द्यायचं नाहीये मला.