मागच्या रिकाम्या रांगा

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, घरात कुणी शहाणपण शिकवत नाही. प्रवासी विमान चालवणाऱ्या माणसाला शिकवणार तरी काय? सहलीला निघताना ते प्रत्येकाची बॅग उचलून किती किलोची ते सांगतात आणि नेमकं बरोबर सांगतात. ताई म्हणते, "लग्नाआधी मला काट्यावर उभं केलं नाही हेच माझं नशीब."

त्यांच्या फेऱ्यांमध्ये डोंगरातलं एक छोटं गाव होतं. विमानतळ म्हणजे एक खोली, एक पत्र्याची शेड आणि टेकडीपाशी संपणारी आखूड धावपट्टी. उन्हाने हवा तापली की विमान उठायला कुरकुरतं, म्हणून तिथून दुपारी निघताना मागच्या रांगा रिकाम्या ठेवायच्या, हा शिरस्ता. किती माणसं घ्यायची तो आकडा सगळ्यांना पाठ.

निवडणुकीचा निकाल फिरवल्यावरून ते गाव पेटलं. पुढारी विमानाने पळतोय अशी आवई उठली आणि जमाव विमानतळाकडे निघाला. तिथे दाजींचं विमान दुपारच्या फेरीसाठी उभं होतं, पण पुढारी नव्हताच. होती ती साधी माणसं, सकाळीच दुकानं जाळली गेलेली. त्यात एक शिंपी आणि त्याची बायको. त्या पुढाऱ्याच्या पक्षाचे झेंडे शिवून दिले, एवढाच त्यांचा गुन्हा.

दाजी म्हणाले, "सगळं सामान उतरवा, माणसं घ्या." इथपर्यंत त्यांचं कौतुक करायला मी एका पायावर तयार आहे. बॅगा भराभर खाली टाकल्या गेल्या. मग दाजी दारात उभे राहून माणसं मोजायला लागले. शिंप्याने बायकोला पुढे ढकललं, ती आत आली आणि दाजींनी हात आडवा केला.

"बस. आता एकही नाही."

"साहेब, मागे जागा दिसतेय की."

"जागा आहे हो, पण वजन झालं. विमान उठायचं नाही, सगळेच मराल."

पायलटच म्हणतोय म्हटल्यावर शिंपी मागे सरला. मागच्या चार जणांनाही त्यानेच समजावलं. दार लागलं.

विमान उठलं, ते धावपट्टी बरीच उरलेली असतानाच. दाजी सांगतात, रिकामं असल्यासारखं हलकं उठलं. शेजारची सहवैमानिक मुलगी हळूच म्हणाली, "सर, सामान तर आपण उतरवलं होतं."

दाजींनी मोजला तो रोजचा आकडा, सामान धरून केलेला. खाली राहिलेली सगळी माणसं त्या बॅगांच्या वजनात आरामात बसली असती. परत फिरावं तर जमाव धावपट्टीवर पसरला होता.

कंपनीने सत्कार केला, पेपरात फोटो आला. मी तो फोटो गल्लीभर मिरवला. सत्काराहून येताना गाडीत दाजींनी मला हे सांगितलं. कंपनीच्या साहेबांनाही सांगितलं होतं म्हणे. साहेब म्हणाले, आता कशाला उकरून काढता? आणि आमचे दाजी गप्प बसले!

"तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं, असंच ना?" मी चिडून विचारलं.

"वाटलं रे," ते म्हणाले. "त्याचीच जास्त लाज वाटते." त्यानंतर माझाही तो फोटो बघायचा धीर झाला नाही.

गेल्या महिन्यात शिंपी आणि त्याची बायको पत्ता काढत घरी आले. बायको स्वयंपाकघरात ताईपाशी बसली. शिंप्याने चहाचा कप डाव्या हाताने घेतला. उजवा हात त्या दिवशी जमावाने दगडाने ठेचला होता. बोटं वळत नव्हती.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका," तोच दाजींची समजूत घालू लागला. "वजनापुढे तुम्ही तरी काय करणार? हिला नेलंत, उपकार झाले. मी सगळ्यांना हेच सांगतो."

मी दाजींकडे रोखून पाहिलं. आता जर हा माणूस नुसतं "हो हो" म्हणाला असता, तर पुन्हा त्याच्या घरची पायरी चढलो नसतो.

"वजन नव्हतं झालं," दाजी म्हणाले. "मी चुकलो. तुम्ही सगळे बसला असतात."

शिंप्याने कप खाली ठेवला. तो चिडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं. आला असता तर मी मध्ये पडलो नसतो.

मग त्याने विचारलं, "म्हणजे हिने माझी जागा घेतली नाही?"

"नाही."

"मग हे तिला सांगा. माझं ती ऐकत नाही. शेवटची जागा मी घेतली म्हणते. माझ्या हाताकडे बघत नाही, साधं शिवतही नाही त्याला."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हललो नाही. मग तेच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ती लगबगीने उठली, "या ना, साहेब" म्हणाली. दाजींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. अडखळले, पण काही लपवलं नाही.

ती त्यांच्या बाजूने वाट काढत बाहेर आली, नवऱ्याशेजारी बसली आणि त्याचा तो हात दोन्ही हातांत धरून रडू लागली. जाईपर्यंत तिने दाजींकडे एकदाही पाहिलं नाही.