आधीची दोन पानं

जामनेरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा आला की खडू उचलायच्या आधीच मी सांगून टाकायची, "आधीची दोन पानं घरी वाचा." त्या दोन पानांत पाळी होती. वर्गात मुलं-मुली एकत्र. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली की माझेच कान तापायचे. एरवी माझा दरारा असा की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यावा. पण पाळी हा शब्द सव्वीस वर्षांत माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडला नाही.

तिसऱ्या पानापासून मात्र मला कुणी थांबवू शकत नसे. फलन. अंड आणि शुक्राणू एक झाले की एकच पेशी, युग्मनज. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ, असं होत होत सीताफळासारखा खवल्याखवल्यांचा गोळा. तो अंडनलिकेतून हळूहळू सरकत गर्भाशयात येतो, तिथल्या अस्तरात रुजतो, आणि मग नाळ, हृदयाचे ठोके, हातापायांचे कोंब. माझी आकृती पुसायला शिपाईसुद्धा धजत नसे. त्या पहिल्या पेशीवर खडू टेकवून मी म्हणायची, "मोजायला इथून सुरुवात करा." हे वाक्य मला फार आवडायचं.

माझी सून त्याच वर्गात शिकलेली, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारी. पुढे मुलासाठी मीच तिला मागणी घातली. "बाई" म्हणणाऱ्या मुलीला "आई" म्हणायची सवय व्हायला दोन महिने लागले. "बा..." म्हणता म्हणता ती जीभ चावायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

मी निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला आलो. हे त्याआधीच गेले होते. मुलगा कच्छमध्ये सौर प्रकल्पावर; दोन-अडीच महिन्यांनी घरी यायचा, आठवडाभर राहायचा. म्हणजे घरात आम्ही दोघीच. चार दिवस बाजूला बसायची पद्धत मी घरात येऊ दिली नव्हती. सून महिनाभर स्वयंपाकघरात, देवघरात मोकळी वावरायची. तिची तारीख कोणती, हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. सुधारलेली सासू म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

तिला दिवस गेले. पहिली सोनोग्राफी झाली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिने रिपोर्ट माझ्या हातात दिला. "मुगाच्या दाण्याएवढं आहे म्हणे, आई. पण ठोके दिसतात!" मी चष्मा लावला. रिपोर्टवर लिहिलं होतं, सहा आठवडे दोन दिवस.

घरी आल्यावर मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. मुलगा ज्या दिवशी यायचा त्या तारखेभोवती मी लाल गोल करायची. शेवटच्या गोलापासून बोटाने मोजलं. चार आठवडे तीन दिवस. पुन्हा मोजलं. तेवढेच. त्याच्या आधीचा गोल थेट गणपतीतला.

मनात येऊ नये ते आलं. तिच्या ऑफिसातला एकजण पावसाळ्यात दोनदा तिला स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी सोडून गेला होता. त्याला वर चहाला मीच बोलावलं होतं. आता तोच चहा मला बोचायला लागला. तिचा फोन वाजला की मी कान टवकारायची. तिच्यासाठी करायला घेतलेले डिंकाचे लाडू मी अर्धवट सोडले. पाक बिघडला, असं खोटंच सांगितलं. आठ दिवस मी अशी वागले. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, आणि तो तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

नवव्या दिवशी सकाळी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. उलट्यांनी बेजार, तरी उभी. मी विचारलं, "सोनोग्राफीच्या दिवशी तो येऊन साडेचार आठवडे झाले होते. मग रिपोर्टात सहा कसे?"

तिला आधी वाटलं, मी अडलेलं विचारतेय. समजावून सांगायला तिने हसून तोंड उघडलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. तिने पिठाचे हात धुतले, खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला अक्काकडे गेले. अक्का माझी मोठी बहीण, चौथी शिकलेली, तीन सुनांची सासू. मन मोकळं करायला हक्काचं दुसरं कुणी नव्हतं. ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "तुनी सूनले पाळी कधी उनी व्हती?"

मला काय माहीत, मी म्हणाले, आमच्याकडे कुणी बाजूला बसत नाही.

अक्काने सूप खाली ठेवलं. "येडी शे का वो तू? डाक्टर पाळीपाईन मोजतस. पहिला दोन हप्ता तं पोटमा काहीच नही ऱ्हास. मना तिन्ही सुनासना येळे हाईच व्हतं. बठ्ठासले माहीत शे." सगळ्यांना, म्हणजे माझ्याखेरीज. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आनि तू मास्तरीण!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदाव्या दिवसाच्या आसपास अंड बाहेर पडतं, हे मला काय माहीत नव्हतं? पुस्तकात होतं. त्याच दोन पानांत. साडेचारात दोन मिळवायचे होते, इतकं सोपं गणित. डॉक्टरांची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि पाळी हा शब्दच मी जन्मभर गाळला होता. आणि माझ्या घरात एक चांगली मुलगी त्यापायी आरोपी होऊन उभी होती.

अक्काकडे मी पाणीसुद्धा न पिता पुढची एसटी पकडली. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सून पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती. मी दारातच म्हणाले, "माझं चुकलं. मला मोजता आलं नाही." तेव्हाही, बघा, चूक मी गणितावर ढकलली. तुझ्यावर संशय घेतला, असं म्हणायला जीभ रेटली नाही.

तिने हातातली घडी पूर्ण केली. "ते त्या दोन पानांत होतं, बाई," ती म्हणाली. "तुम्ही घरी वाचायला सांगितलं होतंत. मी वाचलं होतं."

आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर द्यायला उभी राहायची, अगदी तसा. ती पुढचा कपडा उचलून घडी घालायला लागली.

तिने माझ्या मुलाला काही सांगितलं नाही. ते मला माहीत आहे, कारण तो अजून माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. तिने माझी औषधं, पथ्यपाणी, दवाखाना, कशात काही कमी केलं नाही. फक्त त्या दिवसापासून मी पुन्हा बाई झाले. या वेळी तिने जीभ चावली नाही.

नात आता चार वर्षांची आहे. आईचं ऐकून तीही मला बाईच म्हणते. आल्यागेल्यांना फार गंमत वाटते. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणतात, "अख्खं जामनेर तुम्हाला बाई म्हणायचं, आता नातही म्हणते!" सून तेव्हा माझ्याकडे बघत नाही. मी हो म्हणते, हसते आणि नातीला मांडीवर घेते.