गाडीचा स्वभाव

यंत्रं आपल्या माणसाला विसरत नाहीत, असं लोक गंभीर चेहऱ्यानं सांगतात. माझ्या अनुभवात यंत्रांचे रबरी बुश झिजतात, इतकंच.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी डावीकडे ओढायची. ते स्टिअरिंग कायम किंचित उजवीकडे धरून बसायचे आणि त्याला ‘गाडीचा स्वभाव’ म्हणायचे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, आणि हळूहळू माझंही मनगट त्यांच्यासारखंच वळलेलं राहू लागलं. त्यांचं एवढंच मला जमलं होतं, म्हणून मी दुरुस्ती टाळत राहिलो. शेवटी आईच म्हणाली, “घाटात माझा जीव मुठीत असतो. एकाला पोचवलंय, तेवढं पुरे.”

गॅरेजवाल्या शिंद्यांनी पुढचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड सगळं बदललं आणि चाकांची अलाइनमेंट केली. रिवाजाप्रमाणे जुने भाग एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. अस्थींसारखी ती पिशवी मी मागच्या सीटवर ठेवली. मग मोकळ्या रस्त्यावर ते शेजारी बसून म्हणाले, “आता हात सोडा, साहेब.”

मी सोडले. गाडी नाकासमोर चालत राहिली. इतकी सरळ ती आप्पांना कधी भेटली नाही. तिला सावरायला आता कुणीच लागत नव्हतं. पुन्हा स्टिअरिंग धरलं, तर माझं मनगट मात्र आपोआप उजवीकडे वळलं.

“पहिल्यासारखी नाही वाटत, शिंदे.”

“कशी वाटेल?” ते म्हणाले. “आणि पुढचे टायर आतून खाल्लेत तिनं. तेही बदलावे लागतील.”