स्टेपलरकाकांनी मागितलेलं पान

स्टेपलरकाका कुणाचंही आडनाव ऐकून घेत नसत. माझी ओळख करून देताना मी "सुधीर..." एवढं म्हणालो आणि पुढचा शब्द येण्याआधीच त्यांनी तळहात वर केला. "पहिलं नाव पुरे. पुढचं तुमच्याजवळ ठेवा." मी गोंधळलो. आमच्या तालुक्याच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने आडनाव आधी विचारलं होतं. त्यावरून अंदाज लागला नाही तर गाव विचारलं होतं, आणि तेही पुरलं नाही तर गावातली आळी.

काका न्यू जर्सीत राहायचे. पूल तपासणारे इंजिनियर म्हणून सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. दरवर्षी सप्टेंबरात ते चार तास गाडी चालवून पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी यायचे, नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी डाळ, तांदूळ आणि स्वतःच्या पुस्तिका घेऊन. पुस्तिका म्हणजे हाताने लिहिलेली सोळा पानं, झेरॉक्स काढून स्टेपल केलेली. म्हणून ते नाव. प्रत्येक पुस्तिकेत कुणातरी एकाची हकिगत असे: अमेरिकेत येऊनही जात कशी भेटली, त्याची. एका बाईला प्रत्येक पॉटलकला, म्हणजे जो तो घरून एकेक पदार्थ आणतो त्या जेवणाला, फक्त कागदी प्लेट्स आणायला सांगत. घरी शिजवलेलं तिच्याकडून कधीच मागितलं नाही. काकांनी त्यावर एक शब्दही भाष्य केलं नव्हतं. फक्त सहा पॉटलक आणि सहा वेळच्या प्लेट्सचे रंग लिहिले होते.

"'अन्याय झाला' असं लिहायचं नाही," ते सांगत. "काय वाढलं होतं, कोण उठून गेलं, ते लिहा. त्याला काय म्हणायचं ते वाचणारा ठरवेल."

माझी हकिगत मी त्यांना तिसऱ्या वर्षी सांगितली. आमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघे होतो. पहिल्याच गणपतीला अनिकेतची आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आली आणि पूजेला कोण बसणार म्हणून एकेकाचं आडनाव विचारू लागली. मी नांदुरकर म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "अरे, मग हा आपल्यातलाच की! अनिकेत, तुझा उच्चार वाईट आहे, यालाच बसव." नांदुरकर हे आडनाव माझ्या आजोबांना त्यांच्या गुरुजींनी दिलं होतं. शाळेत नाव घालताना मुलाला त्रास नको, म्हणून त्या भल्या माणसाने जुनं आडनाव गाळून गावाचं नाव लिहिलं. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आमच्या घरात देव नाहीत. आणि मी पेनसिल्व्हेनियात अनिकेतचं सोवळं नेसून, त्याच्या आईच्या मागोमाग संस्कृत म्हणत, मूर्तीत प्राण घातले. पुढची दोन वर्षंही मीच घातले. सगळ्यांचं म्हणणं असं पडलं की, सुधीरसारखी पूजा कुणाला येत नाही.

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "जेवण गेलं का रे त्या दिवशी?"

"गेलं ना. मोदक चांगले झाले होते," मी म्हणालो.

"हे लिही. मोदकासकट लिही."

"काका, मला कळतच नाही. मी त्यांना फसवलं, की त्यांनीच स्वतःला?"

"कळलं असतं तर लिहायची गरज काय होती? पूर्ण नावाने लिही."

इथे माझं अडलं. अनिकेतनेच पुढे स्वतःच्या कंपनीत माझं नाव सुचवलं. मी न्यू जर्सीला आलो तेव्हा दोन महिने त्याच्या सोफ्यावर झोपलो. घरात पहिला पदवीधर झालेला माणूस अशी माणसं सहजासहजी गमावत नाही. त्याची आई अजून माझ्यासाठी वेगळ्या डब्यात लाडू पाठवते. ते पान त्याच्या हातात पडलं तर तो मला काय म्हणेल, आणि ती डबा पाठवेल का, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

मी काकांशी वाद घालून पाहिला. "तुम्ही कुणाचं आडनाव ऐकूनसुद्धा घेत नाही. मग छापायला पूर्ण नाव का?"

"आपणहून सांगितलं तर ते तुझं. दुसऱ्याने काढून घेतलं तर त्याचं."

"पण काका, आत्ता तुम्हीच मागताय की!"

ते उठून गॅसपाशी गेले. मग म्हणाले, "चहा टाकू?"

हा वाद चार वर्षं चालला. मी म्हणायचो, नाव सोडून सगळं लिहितो. ते म्हणायचे, "नाव नसलं की लोक म्हणतात, असं कुठे असतं का, बनवलंय कुणीतरी." गेल्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा मी सुट्टी घेऊन दुपारी भेटायला गेलो. त्यांची मुलगी सुजाता जवळ बसली होती. ती इथेच जन्मली. मराठी तिला समजते, वाचता येत नाही. काका म्हणाले, "सुधीर, तुझं पान राहिलंय." मी म्हणालो, "लिहितो काका, काही घाई आहे का?" ते म्हणाले, "तुला नाही. मला आहे." नऊ दिवसांनी ते गेले.

त्यानंतर मी एका बैठकीत ते पान लिहिलं. ज्याला वाचायला द्यायचं तो माणूसच नसताना का लिहिलं, हे मला सांगता येणार नाही. पूर्ण नाव घातलं, जुनं आडनावही घातलं. सुजाता शेवटची पुस्तिका काढणार होती. तिच्याकडे देण्याआधी मी अनिकेतला न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावातल्या एका हॉटेलात बोलावलं आणि डोसा यायच्या आत पान त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. डोसा आला, गार झाला. तो चिडेल, एवढीच मी तयारी करून गेलो होतो.

"सात वर्षं यार," तो म्हणाला. "सात वर्षं तू बोलला नाहीस."

"नाही बोललो."

"हे सगळ्यांना जाणार?"

"हो."

त्याने पान माझ्याकडे सरकवलं. "मग माझं नाव बदल. आईचं पण. लोक तिला काय म्हणतील रे?" आणि थोड्या वेळाने, डोशाकडे बघत, "शनिवारी घरी ये. तुझा डबा आलाय."

मी हो म्हणालो. दोन्हींना.

मी नावं बदलली. अनिकेत हे त्याचं खरं नाव नाही. पण मग त्या पानावर माझं एकट्याचंच नाव उरलं. ज्यांनी विचारलं त्यांची झाकली, ज्याला विचारलं त्याचं उघडं. काकांनी असं पान घेतलं असतं का? मी सुजाताला विचारलं. तिने डोळे पुसत हसून सांगितलं, "आय डोंट नो. बाबा वुड हॅव आर्ग्यूड विथ यू फॉर अ वीक."

तो एक आठवडा मला हवा होता.